नाटकातल्या ओव्या कुणाच्या

शेठनं नाटक लिहिलंय, असं आमच्या दिग्दर्शक सरांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, ते गंमत करताहेत. शेठचं आमच्या वाशीमजवळच्या मालेगावात कापडाचं दुकान. आमच्या हौशी नाटकमंडळात ते पंधरा वर्षांपासून होते, पण कायम विंगेत. कुणाला नऊवारी हवी, कुणाला फेटा, कुणाचं धोतर ऐनवेळी सुटलं, हे सगळं ते बघायचे. प्रयोगाच्या दिवशी ओठांत दोन-तीन टाचण्या धरून उभे असायचे आणि काही विचारलं तर नुसती मान हलवायचे. दिवाळीला दुकानाचं शुभेच्छापत्र छापायचं तर मजकूर माझ्याकडून तपासून न्यायचे. एका वर्षी त्यांनी ‘हार्दिक’मधली वेलांटी चुकवली होती, ती मी लाल शाईनं सुधारून दिली होती. अशा माणसानं दोन अंकी नाटक लिहावं?

मी इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि वीस वर्षांपासून मंडळात कामं करते. चार वर्षांपूर्वी मीही एक नाटक लिहिलं होतं. सरांनी ते वाचून, “भाषा छान आहे,” एवढंच म्हटलं आणि विषय बदलला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं त्यात या गोष्टीचा वाटा किती होता, ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

शिवाय संशय घेणं हा गेल्या काही वर्षांत माझ्या नोकरीचाच भाग होऊन बसला आहे. मोबाईलला सांगितलं की तो निबंध लिहून देतो, कविताही करून देतो. मुलं तेच उतरवून आणतात. एखाद्या वहीत चांगलं वाक्य दिसलं की पूर्वी मला आनंद व्हायचा. आता मी ते वाक्य दोनदा वाचते आणि वहीवरचं नाव बघते.

नाटकाचं पहिलं वाचन शाळेच्या हॉलमध्ये झालं. शेठ मागच्या बाकावर बसले होते. वाचलं सरांनीच.

गोष्ट अशी होती. खेड्यातला एक मास्तर कविता करतो, पण त्याच्या कवितांकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. एक दिवस तो जाहीर करतो की गावातल्या एका कधीच मरून गेलेल्या बाईची ओव्यांची वही आपल्याला सापडली. ओव्या गाजतात. पाठ्यपुस्तकात जातात. मास्तरचा सत्कार होतो. मग शहरातून एक संशोधक बाई मूळ वही पाहायला येते आणि मास्तरची धावपळ उडते. तो कागद चहाच्या पाण्यात भिजवतो, चुलीवर धुरकटवतो आणि जुनी दिसेल अशी वही तयार करतो. त्या बाईनं आयुष्यात एकही ओवी केलेली नव्हती. सगळ्या मास्तरच्याच. हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक असतं. शेवटच्या प्रवेशात ती त्याला विचारते, “इतकं चांगलं लिवलं तुमी, तं मेलेल्या बाईच्या नावावर काहून खपोलं?”

सरांनी वही मिटली. मास्तरचं काम कुणाला जाणार हे सगळ्यांना कळलंच होतं. आमच्या मंडळात एक बस कंडक्टर आहे, मालेगाव-मेडशी गाडीवर असतो. दहा वर्षांत निदान सहा नाटकांत तो माझा नवरा झाला होता आणि तरीही मला ‘ताई’च म्हणायचा. तो उठला, मागे गेला आणि शेठच्या पाया पडला.

मी मात्र ओव्यांपाशी अडकून बसले होते. नाटकात दहा ओव्या होत्या. काही मला बेताच्या वाटल्या. उदाहरणार्थ ही:

पाट देल्ला बसाले, पानी देल्लं पियाले
कोन्हं नाही इचारलं, काय झालं रडाले

ठीक आहे, म्हटलं. हे शेठला जमलं असेल. पण दुसऱ्या अंकात ही एक होती:

तान्हं गेलं सोडून बाई, ओली होते माही चोळी
सासू पुसे काहून धुते, रोज सांज-सकाळी

मूल जातं, पण दूध थांबत नाही. चोळी ओली होते, आणि ती का धुतेस हे सासूला सांगायची सोय नसते. हे पुरुषाला कसं सुचेल? कापडाच्या गाठोड्यात दिवस घालवणाऱ्या, ‘हार्दिक’ धड लिहिता न येणाऱ्या पुरुषाला? ही बाईची ओवी आहे, मी मनाशी पक्कं केलं. हिला एक खरी धनीण आहे आणि ती या हॉलमध्ये नाही.

दोन दिवसांनी दुपारी मी दुकानात गेले. ब्लाउजपीस बघायचं निमित्त केलं. शेठ कपाटातून ठाण काढत होते.

“शेठजी, ओव्या फार सुंदर आहेत,” मी म्हटलं. “कुठून जमवल्या?”

त्यांचा हात थांबला. “नाटकासाठी केल्या न, मॅडम.”

“सगळ्या तुम्ही केल्या?”

त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “चहा सांगू काय?” ते म्हणाले.

मी विचारलं काय आणि ते म्हणाले काय! त्या दिवशी मी चहा न घेता परत आले. चोर सापडला आहे, आता फक्त माल सापडायचा राहिला आहे, अशी माझी मनःस्थिती होती.

मग मी शोधायला लागले. एकेक ओवी मोबाईलवर टाकून पाहिली. वाशीमच्या ग्रंथालयात दोन रविवार घालवले आणि ओव्यांचे जेवढे संग्रह मिळाले तेवढे चाळले. कॉलेजातल्या दोघी-तिघींना, त्यांच्या आयांना, सासूंना विचारलं. दहातली एकही कुठे मिळाली नाही. सरळ मनाच्या माणसाला एवढ्यानं पटलं असतं. मला वाटलं, छापलेलं नाही म्हणजे कुणाच्या तरी तोंडून उचललेलं आहे, आणि जिच्या तोंडून उचललं तिला त्याचा पत्ताही नाही.

तालमी सुरू झाल्या होत्या. मी बायकोचं काम करत होते, नवऱ्याच्या खोटेपणावर रोज संध्याकाळी तावातावानं बोलत होते आणि बोलता बोलता डोळ्याच्या कोपऱ्यातून शेठकडे बघत होते. ते मान खाली घालून हेम घालत बसायचे. वहीतलं शुद्धलेखन तपासायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं होतं. त्यात ‘वांग्मय’ असं तीन ठिकाणी होतं, ते मी ‘वाङ्मय’ केलं. चुकीगणिक माझी खात्री वाढत गेली.

याच सुमारास मी एक गोष्ट केली. बायकोच्या दुसऱ्या प्रवेशाची सुरुवात मला कोरडी वाटत होती. एका तालमीत मी घरून रचून नेलेली ओवी म्हणून टाकली:

इटला रंग लुगड्याचा, धुन्यात गेली लाली
माह्या नावाची हाक बाई, माह्यापाशी नाही आली

“हे ठेवा,” सर लगेच म्हणाले. शेठनं वही उघडून ती उतरवून घेतली आणि मला म्हणाले, “मस्त झाली मॅडम.” घरी जाताना मी विचार केला: बघा, माझीही गेली त्यांच्या नावावर.

एके दिवशी मेडशीचा विषय निघाला. कंडक्टर तालमीला येताना भजी घेऊन आला होता. खाता खाता म्हणाला, “आपले शेठ दर बुधवारी माह्या गाडीत असतात, ताई. मेडशीले. थैलीत नाटकाची वही. मी म्हनलं, शेठजी, तिकडं काय नवीन दुकान टाकून राह्यले काय? तं हसले.”

तो सहज बोलून गेला. मी मात्र त्या रात्री बिछान्यात त्याची जुळणी करत बसले. दर बुधवारी. थैलीत वही. मेडशीला.

पुढच्या आठवड्यात नाटक एका स्पर्धेसाठी पाठवलं गेलं. संहिता स्वतःची आणि नवी असली पाहिजे, असा तिथला नियम होता. मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मोकळ्या तासाला बसले, कोरा कागद घेतला, पेन डाव्या हातात धरलं आणि आयोजकांना पत्र लिहिलं. या नाटकातील ओव्या लेखकाच्या नसून हे उघड वाङ्मयचौर्य आहे, चौकशी व्हावी. खाली ‘एक नाट्यप्रेमी’. अक्षर लहान मुलासारखं वेडंवाकडं आलं होतं. एकदा वाटलं, फाडावं. पण मागे एक सहकारी येऊन उभ्या राहिल्या, तसा मी कागद झटकन पाकिटात घातला. मालेगावात टाकलं तर शिक्क्यावरून कळेल, म्हणून पेपर तपासायला वाशीमला गेले तेव्हा तिथल्या पेटीत टाकलं.

खोट्या वहीच्या नाटकात काम करणारी बाई डाव्या हातानं खोटं अक्षर काढत होती, आणि तेव्हा मला त्यात काहीही विचित्र वाटलं नाही. मी खऱ्याच्या बाजूनं आहे, एवढंच डोक्यात होतं.

तीन आठवड्यांनी सरांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. आयोजकांचं पत्र आलं होतं, सोबत तक्रारीची झेरॉक्स. लेखकानं आठ दिवसांत असं लिहून द्यायचं होतं की संहितेतला शब्दन् शब्द त्याचा स्वतःचा आहे. नाही तर नाटक बाद.

झेरॉक्स हातोहात फिरली. माझ्याकडे आली तेव्हा मी ती इतरांइतकाच वेळ पाहिली. कमी पाहिली तरी संशय, जास्त पाहिली तरी संशय. शेठनं ती बराच वेळ धरून ठेवली, मग घडी घालून सरांना दिली.

“हे बाहेरच्या माणसाचं काम नाही,” सर म्हणाले. “ओव्या आपल्याशिवाय कुणी ऐकल्याच नाहीत. पाकिटावर शिक्का वाशीमचा आहे.”

सगळ्यांच्या नजरा हळूहळू कंडक्टरकडे वळल्या. तो ड्यूटीनिमित्त सारखा वाशीमला जायचा. आदल्याच आठवड्यात त्याचं आणि शेठचं वाजलं होतं. मास्तरचं एक लांबलचक भाषण शेठनं कापलं होतं आणि तो तणतणत म्हणाला होता, “लेखक झाले तं काय झालं, मले बी कळते थोडंसं.” कुणीतरी नेमकं तेच वाक्य आता काढलं.

तो उभा राहिला. “मी? मी कायले असं करीन?” त्यानं आळीपाळीनं सगळ्यांकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे. “ताई, तुमी तरी सांगा यायले.”

माझ्या तोंडून शब्द निघाले, “मला काय माहीत?”

 मग त्यानं आपली नाटकाची प्रत बाकावर ठेवली, चपला घातल्या आणि गेला. शेठ त्याच्या मागे धावले. बाहेर ते त्याला काहीतरी समजावत होते, पण तो थांबला नाही. मोबाईलवरच्या आमच्या ग्रुपमधून तो त्याच संध्याकाळी बाहेर पडला. नंतर ग्रुपवर कुणी काही लिहीना. जो तो दुसऱ्याच्या लिहिण्याची वाट पाहत होता.

आठवडा संपायच्या आत शेठ सरांना म्हणाले, “असं लिहून देता येत नाही मले. नाटक वापस घेऊन घ्या.”

“म्हणजे ओव्या तुमच्या नाहीत?”

“तसं नाही, सर. पन शब्दन् शब्द माहा, असं नाही लिहिता येत.”

 मंडळात आता उघड कुजबुज सुरू झाली. माझंच खरं निघालं होतं! दोन दिवस मला फार बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी कंडक्टरचा चेहरा आठवायला लागला. त्याचा बळी देऊन मी खरी ठरले होते, तर निदान ते खरं तरी पुरतं हातात असावं, असं वाटलं. ती बाई शोधायची, तिला तिच्या ओव्यांचं काय झालं ते सांगायचं, आणि मग सगळं आपोआप सरळ होईल.

बुधवार टाळून शनिवारी मी मेडशीला गेले. मुद्दाम दुसरी गाडी धरली. स्टँडवरच्या पानठेल्यावर विचारलं, “मालेगावचे कापडवाले शेठ इथं कुणाकडे येतात?”

“पापडवाल्या बुढीकडं,” ठेलेवाला म्हणाला. “थे पाहा, निळं दार.”

म्हातारी ओसरीत तूर निवडत बसली होती. बारीक चणीची, डोळे मात्र चलाख. मी म्हटलं, मी मालेगावची, नाटकात काम करते. ती एकदम हसली.

“कॉलेजातल्या म्याडम काय तुमी? या, बसा. लुगड्याच्या लालीचं गानं तुमीच टाकलं न?”

मला काही कळेना. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कोन सांगीन? शेठजीनं. वाचून दाखोलं मले. म्हने, हे म्याडमनं घातलं, आपल्यापेक्षा चांगलं हाय. मी म्हनलं, हाय बा.” आणि तिनं ती ओवी अख्खी म्हणून दाखवली, माझ्यापेक्षा चांगल्या चालीवर.

मी तिथं जे विचारायला गेले होते ते विचारायलाच लागलं नाही. तिनंच सांगितलं. तीस-पस्तीस वर्षं ती शेठच्या घरी उन्हाळ्यात पापड लाटायला जात होती. त्यांची आई आणि ही मिळून लाटायच्या, आणि लाटताना ही गायची. नाटक लिहायला घेतल्यावर शेठ हिच्याकडे आले. आपली भाषा दुकानातली, खेड्यातल्या बाईची बोली आपल्याला साधत नाही, म्हणून दर बुधवारी वाचून दाखवत आणि ही दुरुस्त करी.

“मग ओव्या?” मी विचारलं.

“चार माह्या हायेत. बाकीच्या त्याच्या. माह्या त्यानं इचारून घेतल्या. नाव टाकतो म्हने. मी म्हनलं, नोको रे बापू. माही सून म्हनीन, बुढी घरातल्या गोष्टी नाटकात सांगून राह्यली. मी त्याले आन घातली माही. कोनाले सांगू नोको म्हनलं.”

म्हणून दुकानात ते दाराकडे बघत होते. म्हणून त्यांना लिहून देता येत नव्हतं.

मी चारी ओव्या विचारल्या. त्यातली एक होती ती पाटाची आणि पाण्याची, जी मला बेताची वाटली होती. बाकीच्या तीनही मी मनातल्या मनात शेठच्या खात्यात टाकलेल्या. मग मी सर्वांत शेवटी विचारलं, “आणि मावशी, ती चोळीची? तान्हं गेलं सोडून?”

तिनं सूप खाली ठेवलं. “थे त्याचंच हाय.”

“पण हे पुरुषाला...”

“त्याचं पयलं लेकरू अकरा दिवसाचं गेलं, बाई. मी तवा त्यायच्या घरीच होती, पापडाले. त्याची बायको मोरीत बसून चोळी धुये. सकाळी धुये, सांजी धुये. त्याच्या मायले समजे नाही काहून धुते ते. अन् थो दारात उभा राहे. पोरगंच होतं तवा, बावीस-तेवीसचं. एक शब्द नाही बोलला कधी.” तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. “आता बोलला.”

तिनं मला गूळ-पाणी दिलं. मी ते प्याले. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी काय विचार केला ते मला आठवत नाही. मालेगाव आलं तरी मी उठले नव्हते, त्या गाडीच्या वाहकानं हाक मारली तेव्हा उतरले.

सोमवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी गादीच्या काठावर बसले आणि सांगितलं, “शेठजी, ते पत्र मी लिहिलं होतं.”

ते कापडाची घडी करत होते. “हो,” ते म्हणाले.

“तुम्हाला माहीत होतं?”

“झेरॉक्स हातात आली तवाच. वाङ्मयमधला तो ‘ङ’, मॅडम. माह्या वहीत तीन डाव काढला तुमी तो. मालेगावात दुसरं कोन काढते?”

“मग तुम्ही बोलला का नाही?”

“त्या कंडक्टरले त्याच टायमाले सांगतलं मी, का तुव्हं काम नाही हे मले माहीत हाय. पन त्याले इतर लोकायचं लागलं.” त्यांनी घडी बाजूला ठेवली. “अन् तुमचं नाव मी कसा घेऊ? तुमी मानलं नसतं तं? मी एका अक्षरावरून कोनाले चोर ठरवू काय?”

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. पण मला वर बघता आलं नाही. मी मेडशीला जाऊन आले हे सांगितलं. चार ओव्यांचं कळलं, हेही सांगितलं. चोळीच्या ओवीबद्दल मी काही बोलले नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी मंडळासमोर सगळं कबूल केलं. मेडशीच्या मावशीचं नाव सोडून. कुणी आरडाओरडा केला नाही. सर चष्मा पुसत राहिले. एक जण म्हणाला, “आमी त्याले उगीच...”

कंडक्टरला मी त्याच्या गाडीतच गाठलं. दुपारची फेरी, माणसं कमी. त्यानं तिकीट दिलं आणि मी सांगितलं. तो शेजारच्या रिकाम्या सीटचा दांडा धरून ऐकत होता.

“मले वाटलंच नाही तुमी असान म्हनून,” तो म्हणाला. “सगळ्यायवर शक घेतला मी. घरी बसून एकेकाचं नाव घेतलं. तुमचं नाही घेतलं.” पुढचा थांबा आला, त्यानं घंटी मारली, दोघांना उतरवलं आणि परत आला. “दहा वर्ष नवरा झालो स्टेजवर तुमचा. एक डाव तरी मले इचारलं असतं, का बुवा, तू केलं काय? पन तुमाले तं माहीतच होतं मी नाही केलं ते. तरी तुमी म्हनल्या, मले काय माहीत.”

 नंतर अनसिंग गावी माझ्या बहिणीकडे गेले तेव्हा तिच्यापाशी रडून घेतलं, पण त्याच्यासमोर रडण्याचाही मला हक्क वाटला नाही.

स्पर्धेतून नाटक गेलं ते गेलंच. सरांनी ठरवलं की एक प्रयोग तरी करायचा. मास्तरचं काम स्वतः सरांनी घेतलं. मी काम सोडते म्हटलं, तर शेठ म्हणाले, “आता दुसरी कोनी एवढं पाठ करीन काय?” त्यात दया नव्हती, अडचण होती, आणि मला तेच बरं वाटलं. रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग झाला. सुरुवातीला सरांनी सांगितलं की यातल्या काही ओव्या जिल्ह्यातल्या एका बाईच्या आहेत, तिच्या इच्छेवरून नाव सांगत नाही, आणि एक ओवी नाटकात काम करणाऱ्या बाईंची आहे. शेठनं हे कागदावर लिहून दिलं होतं. माझी ओवीही त्यांनी गाळली नव्हती.

पहिल्या रांगेत शेठची बायको बसली होती. नाटकाला ती सहसा येत नसे. दुसऱ्या अंकात चोळीची ओवी आली. मला ती तिच्यासमोर म्हणायची होती. मी समोर न बघता, भराभर म्हणून मोकळी झाले.

प्रयोग संपल्यावर ती आत आली. माझ्या नऊवारीच्या टाचण्या काढायला शेठ कुठे दिसत नव्हते, म्हणून तीच काढायला लागली. चार-पाच टाचण्या काढून झाल्यावर म्हणाली, “ती चोळीवाली ओवी सावकाश म्हना, मॅडम. लय घाई करता तुमी तिथं.”

ती चोळी कुणाची हे मला ठाऊक आहे, याची तिला कल्पना होती का, ते मला सांगता येणार नाही. मी हो म्हटलं. त्या नाटकाचा दुसरा प्रयोग झाला नाही.

याला आता दीड वर्ष झालं. मंडळात मी आहे, पण मी खोलीत शिरले की बोलणं क्षणभर अडतं. नवी संहिता आली की सर ती आधी स्वतःजवळ ठेवतात आणि माझ्याकडे शुद्धलेखनाला पाठवत नाहीत. मी कधी विचारलं तर म्हणतात, “देतो, देतो.” संशय काय असतो ते मला दुसऱ्या बाजूनं आता कळतं आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

यंदा शेठनं दुसरं नाटक दिलं आहे. कंडक्टर परत आला. त्याची एकच अट होती, की माझ्याबरोबर काम करणार नाही. सरांनी मला ते सरळ सांगितलं आणि मी प्रॉम्प्टिंग मागून घेतलं. विंगेत, टाचण्या धरलेल्या शेठच्या शेजारी, मी वही घेऊन उभी असते. परवा तालमीत कंडक्टर एका वाक्यापाशी अडला. त्याच्यासमोर काम करणारी बाई त्याच्याकडे बघत राहिली. मी पहिले दोन शब्द हळूच दिले. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, पण ते शब्द घेतले आणि वाक्य पुरं केलं.